मोटारसायकलीचे सांधे व त्यांचें वंगण

बैलगाडीचा कणा कोरडा पडला म्हणजे चाक कुरकुरूं लागतें आणि तें कुरकुरणें अर्ध्या गांवास ऐकूं जातें. म्हणूनच जुन्या काळचा गाडीवान लांबच्या वाटेस लागण्यापूर्वीं वंगणाची नळी गाडीस टांगल्यावांचून घराबाहेर पडत नसे. कोरड्या कण्याची तक्रार सर्वांस ऐकूं येई, त्यामुळें तिचा उपायही वेळेवर होई. मोटारसायकलीचें तसें नाहीं. तिच्या अंगांत असे कांहीं सांधे आहेत कीं, ते कोरडे पडले तरी पुष्कळ दिवसपर्यंत ब्रसुद्धां काढीत नाहींत. आणि जेव्हां ते बोलूं लागतात तेव्हां बहुधा वेळ टळून गेलेली असते. ह्या मुक्या सांध्यांची ओळख करून द्यावी, ते कां झिजतात हें सांगावें, आणि घरच्या घरीं त्यांची निगा कशी राखतां येते हें समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यानें सकाळीं कोणत्याही शाळेच्या फाटकाशीं दहा मिनिटें उभें राहून पाहावें. किती मुलें वडिलांच्या मागें बसून मोटारसायकलीवरून येतात, एका गाडीवर कित्येकदां दोन भावंडें कशीं दाटीवाटीनें बसलेलीं असतात, हें त्याच्या तेव्हांच ध्यानांत येईल. ह्या गाड्यांचे ब्रेक, टायर व दिवे बहुतेक पालक पाहतात. परंतु ज्या सांध्यांवर त्या मुलांचा सगळा भार तोललेला असतो, त्यांची आठवण फार थोड्यांस असते. म्हणून हा प्रपंच.

सांधे कोठें असतात?

रस्त्यावरील खांचखळग्यांचे धक्के बसणाऱ्याच्या अंगापर्यंत पोहोंचूं नयेत म्हणून चाक व गाडीचा सांगाडा ह्यांच्यामध्यें स्प्रिंगा व तेलानें भरलेलीं नळकांडीं बसविलेलीं असतात. ह्या योजनेस सस्पेन्शन असें नांव असून आपल्याकडील कारागीर त्या नळकांड्यांस सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात. परंतु स्प्रिंग दबावयाची तर चाकास वरखालीं होण्याची मोकळीक हवी. आणि मोकळीक हवी म्हणजे सांधा हवा. मनुष्यास खुबा व गुडघा नसते तर पायाच्या स्नायूंचा कांहींच उपयोग झाला नसता, त्याप्रमाणेंच हें होय.

असे सांधे मुख्यतः तीन ठिकाणीं असतात. पहिला सांधा हँडलाच्या खालीं असतो. सांगाड्याच्या पुढील टोंकास एक उभी नळी असून तिच्यांतून पुढील फोर्काचा दांडा वर गेलेला असतो. ह्या नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशीं एकेक बेअरिंग असतें. ह्या जोडीस कारागीर ‘कोनसेट’ किंवा ‘बॉल रेसर’ म्हणतात. हा सांधा मूळचा वळण्यासाठीं आहे खरा, पण पुढील चाकास बसलेला प्रत्येक धक्का त्याच्यांतूनच सांगाड्यापर्यंत जातो. म्हणून त्याची गणना येथें केली पाहिजे.

दुसरा सांधा मागील बाजूस असतो. मागील चाक ज्या दोन लोखंडी बाहूंमध्यें धरलेलें असतें, त्या जोडीस ‘चिमटा’ किंवा स्विंग आर्म म्हणतात. चिमट्याच्या मुळांतून एक लांब बोल्ट आरपार गेलेला असतो व त्याच्याभोंवतीं चिमटा वरखालीं झुलतो.

तिसरा सांधा सर्वच गाड्यांस नसतो. मागें दोन शॉकअप न ठेवतां मधोमध एकच ठेवावा आणि तो चिमट्यास थेट न जोडतां लहान दांड्या व एक तरफ ह्यांच्या मार्फत जोडावा, अशी रचना सन १९८० च्या सुमारास जपानी कारखान्यांनीं प्रचारांत आणिली. कावासाकीची ‘युनि-ट्रॅक’ व होंडाची ‘प्रो-लिंक’ हीं त्या रचनांचीं प्रसिद्ध नांवें होत. आपल्याकडे सन २०१६ मध्यें निघालेल्या रॉयल एन्फील्डच्या ‘हिमालयन’ गाडींत हीच तऱ्हा आहे. ह्या दांड्यांच्या प्रत्येक टोंकाशीं एकेक बारीकसें बेअरिंग असतें आणि तीं सारीं चाकाच्या पुढें, गाडीच्या पोटाखालीं, म्हणजे चिखल व पाणी नेमकें जेथें उडतें तेथेंच असतात.

ह्या तिसऱ्या सांध्यावर भार किती पडतो तें पाहणें मनोरंजक आहे. चाक जितकें वर उचललें जातें त्याच्या मानानें शॉकअप थोडाच दबतो. हें प्रमाण साधारणतः दोन किंवा तीनास एक असें असतें. आतां तरफेचा नियम असा कीं, अंतरांत जी बचत होते ती बळांत भरून द्यावी लागते. मागील चाकावर १०० किलोचा भार आहे व प्रमाण अडीचास एक आहे असें धरिलें, तर शॉकअपवर व त्याच्या सांध्यांवर गाडी उभी असतांनाच २५० किलोचा भार येईल. खड्ड्यांत चाक आदळलें म्हणजे तो याच्याही कितीतरी पुढें जातो. हा सारा भार आंगठ्याएवढ्या जाडीच्या बोल्टाभोंवतींच्या बारीक सळ्यांनीं सोसावयाचा असतो.

बेअरिंग म्हणजे काय?

जड पेटी जमिनीवरून ओढण्याऐवजीं तिच्याखालीं गोल काठ्या घातल्या तर ती सहज सरकते, हें तुम्हीं पाहिलें असेल. घासण्यापेक्षां गडगडण्यास श्रम कमी पडतात, हेंच बेअरिंगाचें सारें रहस्य होय. सन १७९४ मध्यें वेल्समधील कार्मार्थन येथील फिलिप व्हॉन ह्या लोखंडाच्या कारखानदारानें गाडीच्या आंसासाठीं छऱ्यांच्या बेअरिंगाचें पेटंट घेतलें. पुढें सन १८६९ मध्यें पॅरिसपासून रूआं शहरापर्यंत जी प्रसिद्ध सायकल-शर्यत झाली, तींत जेम्स मूर हा इंग्रज स्वार पहिला आला. त्याच्या सायकलीच्या चाकांत असे छर्रे बसविलेले होते. सन १८९८ मध्यें अमेरिकेंत हेन्री टिमकेन यानें निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचें पेटंट मिळविलें. मोटारसायकलीच्या हँडलाखालीं कांहीं गाड्यांत छर्रे असतात, तर कांहींत हे निमुळते रूळ असतात. चिमट्याच्या व दांड्यांच्या सांध्यांत मात्र जागा थोडी असल्यामुळें सुईसारख्या बारीक व लांबट सळ्यांचें बेअरिंग वापरितात. अशा बेअरिंगास ‘नीडल बेअरिंग’ म्हणतात.

हे सांधे इतके कां झिजतात?

येथें एक कोडें उत्पन्न होतें. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरिला, तर ताशीं ५० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडीचें चाक एका तासांत २५,००० फेरे घेतें. तरी चाकाचीं बेअरिंगें वर्षानुवर्षें टिकतात. चिमट्याचा सांधा तर एकही पुरा फेरा घेत नाहीं. चिमट्याची लांबी ५५० मिलिमीटर आहे व साध्या रस्त्यावर चाक २० मिलिमीटर वरखालीं होतें असें मानिलें, तर सांधा अवघा २ अंशांनीं फिरतो. मग कमी फिरणारें बेअरिंग अधिक लवकर कां खराब व्हावें?

उत्तर असें कीं, त्याचें थोडें फिरणें हेंच त्याचें दुखणें आहे. चाकाच्या बेअरिंगांत प्रत्येक छर्रा फिरत फिरत सर्व कडेस जातो, वंगण आपल्याबरोबर ओढून आणितो व भार सर्वत्र सारखा वांटून देतो. सांध्यांतील सळी मात्र एकाच जागीं पुढें-मागें डुलत राहते. ती पहिल्या कांहीं हेलकाव्यांत आपल्या खालचें वंगण दोहों बाजूंस लोटून देते, आणि तें परत आणणारें कोणीच नसतें. मग लोखंडावर लोखंड घांसतें, त्याची अतिसूक्ष्म भुकटी पडते, ती हवेनें गंजते, व तो तांबडा गंज घांसणीच्या दगडाचें काम करूं लागतो. अशा रीतीनें प्रत्येक सळीखालीं एक बारीक खांच तयार होते. सन १९०० मध्यें ब्रिनेल नांवाच्या स्वीडनच्या इंजिनियरानें धातूंत गोळी दाबून तिच्या खळीवरून धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत जगापुढें मांडिली होती. सांध्यांतील ह्या खांचा दिसावयास त्या खळीसारख्याच असतात, पण दाबानें नव्हे तर घांसण्यानें पडतात. म्हणून तज्ज्ञ लोक ह्या रोगास ‘खोटी ब्रिनेल-खूण’ अशा अर्थाचें नांव देतात. आगगाडीवर चढवून दूरदेशीं पाठविलेल्या नव्या मोटारींचीं बेअरिंगें, एकही मैल न चालतां, केवळ वाटेंतील हादऱ्यांनीं अशीं बिघडलेलीं आढळलीं आहेत.

हँडलाखालील सांध्यास हा रोग जडला म्हणजे तो नुसत्या खर्चाचा प्रश्न राहत नाहीं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून खांचा नेमक्या सरळ दिशेच्या जागीं पडतात. हँडल मध्यावर आलें कीं छर्रे त्या खांचांत बसतात व जणूं कुलूप लागतें. आतां दुचाकी गाडीचा तोल कसा सांभाळला जातो तें आठवा. सायकल शिकतांना प्रत्येकानें अनुभविलें आहे कीं, हँडल क्षणोक्षणीं किंचित् इकडे, किंचित् तिकडे असें हालत असतें व त्यामुळेंच आपण पडत नाहीं. हें हालणें इतकें सूक्ष्म असतें कीं तें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. खांचेंत अडकलेलें हँडल तें सूक्ष्म वळण घेऊं देत नाहीं. जोर लावला कीं एकदम जास्त वळतें. गाडी वेगांत नागमोडी चालूं लागते, आणि अशा वेळीं समोरून वाहन आलें किंवा रस्त्यावर वाळू आली म्हणजे मागें बसलेल्या बालकाचा जीव त्या दोन चिमूटभर वंगणाच्या अभावीं धोक्यांत येतो. अतिशयोक्ति करून भय घालावें असा आमचा स्वभाव नाहीं. परंतु जें खरें आहे तें सांगितलेंच पाहिजे.

वंगण कोणतें घ्यावें?

ग्रीस हें नुसतें घट्ट तेल नव्हे. स्पंज पाणी धरून ठेवतो त्याप्रमाणें एका विशिष्ट साबणानें तेल धरून ठेविलेलें असतें. दाब पडला कीं तें थोडें थोडें पाझरतें. पूर्वीं हा साबण चुन्याचा किंवा सोड्याचा असे. पहिला उष्णतेनें बिघडे, दुसरा पाण्यानें. सन १९४२ मध्यें अमेरिकेंत क्लॅरेन्स अर्ल ह्यानें लिथियम धातूच्या साबणाच्या ग्रीसाचें पेटंट घेतलें. तें उष्णता व पाणी दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें. म्हणून आज बाजारांत तेंच सर्वांत अधिक आढळतें.

ग्रीसाचा घट्टपणा अंकांनीं दाखवितात. ठराविक वजनाचा शंकु २५ अंश उष्णतेच्या ग्रीसांत पांच सेकंद सोडावयाचा व तो किती खोल रुतला तें मोजावयाचें. २ क्रमांकाच्या ग्रीसांत तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. ३ क्रमांकाच्या ग्रीसांत २२ ते २५ मिलिमीटर. सांध्यांसाठीं सामान्यतः २ क्रमांकाचें, पाण्यास दाद न देणारें ग्रीस उत्तम. ‘ए. पी. ३’ ह्या नांवानें जें ग्रीस कोणत्याही दुकानांत मिळतें तें कांहींसें घट्ट असलें तरी कोरड्या सांध्यापेक्षां शतपटीनें बरें. दांड्यांच्या सांध्यांसाठीं कांहीं कारखाने मॉलिब्डेनम मिसळलेलें काळें ग्रीस सुचवितात. गाडीच्या पुस्तकांत तसें लिहिलें असेल तर तेंच घ्यावें. मात्र जुन्या ग्रीसावर निराळ्या जातीचें नवें ग्रीस कधींही चोपडूं नये. कित्येक ग्रीसें एकमेकांशीं जुळत नाहींत. एकत्र आलीं कीं पातळ होऊन वाहून जातात. आधीं सर्व जुनें काढावें, मगच नवें भरावें.

परीक्षा कशी करावी?

गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडवर उभी करावी व एकानें मागून भार देऊन पुढील चाक अधांतरीं ठेवावें. मग हँडल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अगदीं सावकाश फिरवावें. मध्यावर किंचितही अटकाव लागला तर खांच पडली असें समजावें. सर्वत्र सारखें खरखरलें तर ग्रीस वाळलें आहे किंवा माती शिरली आहे. नंतर पुढील फोर्क खालच्या टोंकास दोन्ही हातांनीं धरून पुढें-मागें ओढावा. ‘टक्’ असा आवाज आला अथवा हातास ढिलाई लागली, तर सांधा सैल झाला आहे.

मागील बाजूस चाक अधांतरीं ठेवून चिमट्याचें टोंक धरावें व डावीकडे-उजवीकडे हलवावें. तो मुळींच हलतां कामा नये. मग चाक हलकेच वर उचलावें. शॉकअप हालण्यापूर्वीं चाक कांहीं अंतर फुकट उचललें गेलें, तर दांड्यांचे सांधे झिजले आहेत. ही सारी परीक्षा पांच मिनिटांची असून तिला एक पैसाही पडत नाहीं. ती दोन महिन्यांनीं एकदां करण्याचा परिपाठ ठेवावा.

ग्रीस भरण्याची रीत

पहिली गोष्ट आपल्या गाडीचें पुस्तक वाचणें ही होय. कारण सर्व गाड्यांची रचना एक नाहीं. अनेक लहान गाड्यांच्या चिमट्यांत बेअरिंग नसून रबराचे बुश असतात. ते रबराच्या पिळानें काम करितात व त्यांस ग्रीस लावावयाचें नसतें. उलट साध्या ग्रीसानें रबर फुगून खराब होतें. कांहीं गाड्यांच्या सांध्यांवर ग्रीस भरण्याचें लहानसें तोंड असतें. त्यास निपल म्हणतात. तेथें ग्रीस-गन लावून, कडेनें स्वच्छ ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरलें कीं काम झालें. परंतु जेथें ही सोय नाहीं तेथें सांधा उघडावाच लागतो.

साहित्य थोडेंच लागतें : योग्य मापाचे पाने, बोल्ट ठराविक जोरानें आंवळणारा टॉर्क-पाना, रबरी हातोडा, ताट, जुन्या सुती चिंध्या, धुण्यासाठीं वाटीभर डिझेल, आणि ग्रीस. डिझेलाजवळ विडी, दिवा किंवा चूल नसावी. पेट्रोल तर ह्या कामीं मुळींच वापरूं नये, कारण त्याची वाफ दुरूनही पेट घेते.

गाडी पक्की उभी करणें हें अर्धें काम होय. दांड्या किंवा चिमटा सोडावयाचा असेल तर आधार सांगाड्यास दिला पाहिजे. चिमट्याखालीं लावण्याचें जें स्टँड मिळतें तें येथें निरुपयोगी, नव्हे घातक आहे. कारण ज्यावर गाडी उभी तेंच आपण सोडणार! मागील चाकाखालीं पातळ फळ्या एकेक सरकवून चाक इतकेंच उचलावें कीं, नट काढल्यावर बोल्ट बोटांनीं फिरूं लागेल. बोल्ट फिरत नसेल तर त्यावर अद्याप भार आहे असें जाणावें. हातोड्यानें ठोकण्याची घाई करूं नये.

सोडण्यापूर्वीं प्रत्येक सांध्याचें मोबाईलनें छायाचित्र घ्यावें आणि काढलेले भाग ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें ताटांत मांडावे. कोणता बोल्ट कोणत्या बाजूनें शिरला हें पाहून ठेवावें. नळीसारखा आंतील तुकडा बाहेर काढतांना ताट खालीं धरावें. कित्येक बेअरिंगांतील सळ्या केवळ ग्रीसानेंच चिकटून राहिलेल्या असतात व तें वाळलें असलें कीं त्या सांडतात. सळ्या व छर्रे मोजून तो आंकडा लिहून ठेवावा. एक जरी कमी झाला तरी बाकीच्यांवर भार वाढतो.

जुन्या ग्रीसाचा रंग नीट पाहावा. तो सांध्याचा इतिहास सांगतो. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर आंत पाणी शिरलें आहे. तांबूस असेल तर गंज चढला आहे. चकाकणारे कण दिसले तर धातु झिजत आहे. मग सर्व भाग डिझेलानें धुऊन कोरडे पुसावे व वाट्यांच्या आंतील पृष्ठभागावरून नख फिरवावें. नखास खांच लागली तर ग्रीस भरून उपयोग नाहीं. तें बेअरिंग बदललेंच पाहिजे. जुनें काढून नवें दाबून बसविण्यास विशेष हत्यारें लागतात, म्हणून तें काम अनुभवी कारागिराकडे द्यावें.

ग्रीस भरतांना तें वरवर चोपडून भागत नाहीं. तळहातावर लिंबाएवढा गोळा घेऊन त्यांत बेअरिंगाची रुंद कड दाबीत दाबीत ओढावी, आणि दुसऱ्या बाजूनें ग्रीस बाहेर येईपर्यंत तें करीत राहावें. नीडल बेअरिंगांत बोटानें दाबून प्रत्येक दोन सळ्यांमधील फट भरावी. कडेच्या रबरी सीलच्या ओठांस थोडें लावावें. तो सांध्याचा दरवाजा होय. बोल्टाच्या अंगास पातळ लेप द्यावा म्हणजे तो गंजून अडकत नाहीं. मात्र त्याचे आंटे पुस्तकांत सांगितलें नसल्यास स्वच्छ व कोरडेच ठेवावे, कारण तेलकट आंट्यांवर तोच जोर लावला तरी बोल्ट अधिक ताणला जातो. ज्या नटांस एकदांच वापरावयाचें असें पुस्तकांत लिहिलें असेल, ते नवेच घालावे.

हँडलाखालील सांधा आंवळण्यांत थोडें कौशल्य आहे. फार सैल ठेविला तर ठोके बसून खांचा पडतात. फार घट्ट केला तर हँडल जड होऊन गाडी सरळ रेषेंत चालेनाशी होते. ढिलाई नाहींशी होईपर्यंत नट आंवळावा, हँडल अनेक वेळां दोन्हीकडे फिरवून छर्रे नीट बसूं द्यावे, मग पुन्हां पाहून नट किंचित् सैल करावा. चाक अधांतरीं असतांना हँडल मध्यापासून जरासें ढकललें असतां तें आपल्याच वजनानें संथपणें एका बाजूस गेलें पाहिजे, आणि फोर्क ओढला असतां मुळींच ढिलाई लागतां कामा नये. ह्या दोन्ही कसोट्या एकाच वेळीं उतरल्या कीं सांधा साधला.

कांहीं सावधगिरीच्या सूचना

ग्रीस लागलेला हात ब्रेकच्या तबकडीस किंवा पॅडास लावूं नये. आरंभींच तीं स्वच्छ फडक्यानें झांकावीं. सोडलेला ब्रेक त्याच्या नळीवर लोंबत ठेवूं नये, दोरीनें बांधावा. मधोमध असलेल्या शॉकअपमध्यें बहुधा मोठ्या दाबाचा नायट्रोजन वायु भरलेला असतो. तो उघडूं, भोंसकूं किंवा तापवूं नये. दोन्ही बाजूंस झांकण असलेलीं बंद बेअरिंगें उघडून भरण्यासाठीं नसतात. घाण डिझेल व चिंध्या गटारांत किंवा विहिरीजवळ टाकूं नयेत. आणि काम संपल्यावर लगेच मुलांस मागें बसवून निघूं नये. आधीं प्रत्येक नट पुन्हां तपासावा, साखळीचा ताण व ब्रेक पाहावे, आणि एकट्यानें मंद वेगानें एक फेरी मारून यावें.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांची मोटारसायकल नेहमीं आरशासारखी लखलखीत असे, कारण दर रविवारीं ते जोरदार फवाऱ्याच्या यंत्रानें तिला धुऊन आणीत. तीन पावसाळ्यांनंतर गाडी मागून दगडासारखी कठीण झाली. स्प्रिंग गेली असें समजून त्यांनीं नवा शॉकअप घेतला, तरी फरक पडेना. शेवटीं दांड्यांचे सांधे उघडले तेव्हां सळ्यांच्या जागीं तांबडी भुकटी निघाली व एक बोल्ट तर कापून काढावा लागला. फवाऱ्याचें पाणी दर आठवड्यास सीलच्या ओठांतून आंत घुसत होतें. बाहेरील धूळ जात होती आणि आंतील वंगणही जात होतें. शॉकअप, बेअरिंगें, बोल्ट व मजुरी मिळून त्यांस जो खर्च आला, त्यांत ग्रीसाचे इतके डबे आले असते कीं, साऱ्या आळीच्या गाड्यांस कित्येक वर्षें पुरते. त्या गृहस्थांच्या मेहनतीस आम्ही दोष देत नाहीं. मेहनत पुष्कळ होती. ती दिसणाऱ्या भागावर खर्च झाली, एवढेंच. गाडी धुवावयाची तर बादली, फडकें व साधी पाण्याची धार पुरे आहे.

वेळ केव्हां साधावी?

आपल्याकडे जून महिन्यांत पाऊस सुरू होतो व सप्टेंबरपर्यंत चालतो. म्हणून मे महिन्यांत सांधे उघडून ग्रीस भरावें आणि पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, निदान वरील परीक्षा तरी करावी. कोंकणांत, अथवा खाऱ्या हवेच्या समुद्रकांठीं राहणाऱ्यांनीं दिवाळीसही एकदां उघडून पाहिलें तर अधिक चांगलें. पुस्तकांत किलोमीटरांची जी मुदत दिलेली असते तींत अधिक चूक नसते, परंतु एक आषाढ हा हजारों कोरड्या किलोमीटरांहून सांध्यास भारी जातो, हें लक्षांत ठेवावें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या कामांत तुमचीही जागा आहे. एक लहान वही करा. तींत तारीख, गाडीचे किलोमीटर, कोणता सांधा उघडला, सळ्या किती निघाल्या, जुन्या ग्रीसाचा रंग कसा होता, हें सारें टिपून ठेवा. चिमट्याची लांबी मोजून सांधा किती अंशांनीं फिरतो तें गणित स्वतः करून पाहा; पदार्थविज्ञानाच्या तासास शिकलेली तरफ तुम्हांस घरच्या अंगणांत भेटेल. फळीवर लक्ष ठेवणें, ताटांतील क्रम सांभाळणें, छर्रे मोजणें, हीं कामें लहान दिसलीं तरी मोठ्यांच्या कामाइतकींच महत्त्वाचीं आहेत. पाना मात्र वडिलांच्या हातीं असूं द्या, आणि गाडीखालीं एकट्यानें कधींही हात घालूं नका.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टींतील एक सकाळ त्यांनीं ह्या कामासाठीं राखून ठेवावी व मुलांस जवळ बसवावें. सांधा उघडावयाचा धीर नसेल तर निदान चाक उचलून हँडल एकदां सावकाश फिरवून पाहावें. मध्यावर तें अडलें, तर दुसरे दिवशीं मुलांस शाळेंत सोडण्यापूर्वीं गाडी कारागिराकडे न्यावी.